चढणीवर वाढलेले तीन टक्के

पचमढीचा घाट मी उतार म्हणून धरला. जाताना.

वाक्य पुन्हा वाचू नका, त्यात खोल अर्थ नाही. भोपाळहून पचमढीला जायचं तर घाट चढावा लागतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मलाही होतं. फक्त माझ्या तक्त्याला नव्हतं.

आधी माझ्याबद्दल. या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. कुणाला पांढरी साडी दिसली, कुणाचं दार आपोआप उघडलं, की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर बिजागरीला तेल घालायचा सल्ला द्यायचो. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली. तारेत करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं... एवढंच माझं अध्यात्म. त्यामुळे हे लिहायला बसताना मलाच माझी लाज वाटते आहे. हसायचं असेल तर जरूर हसा, पण रांगेत या. पुढे माझे नातेवाईक उभे आहेत.

आम्ही कोलार रोडला राहतो. मी आणि बायको, वैशाली. दीड वर्षापूर्वी रिटायर झालो आणि आलेल्या पैशातून इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. घेतल्या दिवसापासून मी कॉलनीत असह्य झालो होतो. शेजारचे दुबेजी त्यांच्या डिझेल गाडीत बसले रे बसले की मी फाटकावर जाऊन धुराकडे बघत खोकायचो. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही आधी बरे होतात."

ऑक्टोबरात पचमढीला फिरायला जायचं ठरलं होतं. त्यासाठी मी एक्सेलमध्ये तक्ता केला. कोलार रोड, औबेदुल्लागंज, नर्मदापुरम, सोहागपूर, पिपरिया, मटकुली, पचमढी. प्रत्येक टप्प्याचं अंतर, चढ-उतार, किती टक्के बॅटरी जाणार, किती उरणार. पहिल्या खान्यात सुरुवातीचे टक्के टाकले की शेवटच्या खान्यात उत्तर हजर. मी आधी परतीचा तक्ता केला, का ते विचारू नका. मग जाण्याचा करताना तीस वर्षांची सवय आडवी आली. खात्यात नवं एस्टिमेट कुणी कोऱ्या कागदावर करत नाही. जुनं उघडायचं, गावाचं नाव बदलायचं, तारीख बदलायची, सही ठोकायची. तसंच केलं. परतीचा तक्ता कॉपी केला, गावांचा क्रम उलटा केला. चढ-उताराच्या रकान्यातली अधिक-उणेची चिन्हं मात्र होती तशीच राहिली. सपाट रस्त्याला काही फरक पडत नव्हता. घाटाला पडणार होता.

ही चूक घेऊन मी ऑक्टोबरपर्यंत सुखात राहिलो असतो. पण मे महिन्यात एका सकाळी पचमढीहून कुसुमचा फोन आला. कुसुम म्हणजे वैशालीच्या आत्याची देखभाल करणारी बाई. या आत्यांनी, विमलआत्यांनी, वैशालीला वाढवलं. आई गेली तेव्हा वैशाली चार वर्षांची होती. आत्या पचमढीच्या शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नाही, हिला घेऊन राहिल्या. कुसुम म्हणाली, "दीदी, बुआजी सुबह से आपका ही नाम ले रही हैं. डॉक्टर साब बोले, जिसको बुलाना है शाम तक बुला लो."

वैशाली रडली नाही. पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि म्हणाली, "अहो, टॅक्सी बोलवा."

दुबेजींना कळलं तसे ते किल्लीच घेऊन आले. "भाभीजी, हमारी डीज़ल ले जाइए. टंकी फुल है. सोचना ही नहीं पड़ेगा."

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? मी म्हणालो, "नहीं दुबेजी, अपनी खड़ी है ना!"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "पोचेल?"

गाडी चौऱ्याहत्तर टक्के चार्ज होती. मी तक्त्यात चौऱ्याहत्तर टाकलं. शेवटच्या खान्यात बारा आलं. "पोचून बारा टक्के उरतील," मी म्हणालो, "मध्ये चार्ज करायचीसुद्धा गरज नाही. तेवढाच वेळ वाचेल." आणि तक्ता छापून तिच्या हातात दिला. एखादं प्रमाणपत्र द्यावं तसा.

साडेदहाला निघालो. तक्ता आणि गाडी इतके हातात हात घालून चालले होते की सांगता सोय नाही. नर्मदेचा पूल ओलांडला तेव्हा तक्ता म्हणत होता एकेचाळीस, गाडी म्हणत होती एकेचाळीस. सोहागपूरलाही तसंच. मी गुणगुणायला लागलो, मग वैशालीचा चेहरा बघून थांबलो. ती दर वीस मिनिटांनी कुसुमला फोन करून एकच विचारत होती, "बोलतायत ना?"

पिपरियात पाण्याची बाटली घ्यायला थांबलो. ऊन रणरणत होतं म्हणून गाडी एका पत्र्याच्या शेडखाली लावली. ती शेड चार्जिंग पॉईंटची होती. पॉईंट रिकामा होता, चालू होता, हिरवा दिवा लागलेला. मी त्याच्या सावलीत उभं राहून थंड पाणी प्यायलो आणि निघालो. हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतोय.

मटकुली आली तेव्हा नऊ टक्के. तक्त्यात नऊ. तिथून पचमढी साधारण तीस किलोमीटर, सगळा घाट. पहिली दोन वळणं घेतली असतील नसतील, तोच वैशाली तक्ता डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "अहो, यात मटकुलीला नऊ लिहिलंय आणि पचमढीला बारा."

"हो."

"वर चढताना बॅटरी वाढते?"

जिला रिमोटचे सेल बदलता येत नाहीत असं मी चारचौघांत सांगत आलो, तिने हा प्रश्न विचारला. मी गाडी कडेला घेतली. कागद घेतला. घाटाच्या ओळीत उणेऐवजी अधिक बघितलं. मनातल्या मनात चिन्ह फिरवलं. घाटाला एकवीस टक्के लागणार होते. आमच्याकडे नऊ. पोचल्यावर उरणार होते उणे बारा.

"काय झालं?"

"चुकलं."

"किती?"

"सगळंच."

तिने फोन काढला. नेटवर्क नव्हतं. मागे फिरून मटकुलीत एखाद्या दुकानाच्या सॉकेटवर लावली असती तर चार तास. पिपरियाला परत जायला नऊ टक्के पुरतील याची खात्री नाही. रस्त्यावर उभं राहून हात केला तर एक जीप गेली, टपावरसुद्धा माणसं. बाकी दोन ट्रक आले ते खाली जाणारे. दहा मिनिटं गेली. मी बोनेटपाशी उभा होतो, जणू बोनेट उघडून काही करता येणार आहे. खांबावर चढून रात्रीत लाईन सुरू करून देणारी माणसं माझ्या हाताखाली होती. इथे माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं.

वैशाली म्हणाली, "चालवा. बंद पडेपर्यंत चालवा. तिथून मी जे मिळेल त्यात बसते. नाही मिळालं तर चालत जाते." तिचा आवाज साधा होता. चिडली असती तर बरं झालं असतं.

एसी बंद केला. काचा खाली. गाडी अलगद काढली. आणि मी आकड्याकडे बघत राहिलो, आयसीयूतल्या मॉनिटरकडे बघतात तसा. नऊ. दोन किलोमीटर झाले. नऊ. चार झाले. नऊच. मला वाटलं स्क्रीन अडकली. मग माझं लक्ष बाजूच्या पट्टीवर गेलं. गाडी वीज खाते तेव्हा ती पट्टी निळी होते, आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत जाते तेव्हा हिरवी. पट्टी हिरवी होती. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. समोर रस्ता सरळ अंगावर येत होता.

"उतार आहे का हा?" मी विचारलं. हो, असं मी विचारलं.

त्याच वेळी पिपरियाची ती बाटली पुढच्या सीटखालून घरंगळत मागे गेली आणि मागच्या सीटच्या पायाला आपटली. उतार असता तर ती पुढे आली असती.

दहा टक्के झाले.

काही लोक सांगतील, असे दृष्टिभ्रमाचे रस्ते असतात, चढ वाटतो पण असतो उतार. असतात. शंभर-दोनशे मीटरचे. माझे तर कान बंद होऊन दोनदा उघडले होते. हवा थंड झाली होती, सागाच्या जागी सालाची झाडं आली होती, उजव्या हाताला दरी खोल खोल जात होती. आम्ही चढत होतो. आणि गाडी भरत होती.

भीती वाटली का? मला वाटली, पण भुताची नाही. मला वाटलं, मी हे बघतोय म्हणून ते थांबेल. हिशेब करायला गेलो की बिघडेल. पाय घाबरून उचलावा तर चढावर गाडी मागे येईल, दाबावा तर... कशावर दाबतोय तेच कळेना. स्टिअरिंग धरून मी नुसता बसलो होतो. चालवणारा मीच होतो, पण गाडी माझ्या भरवशावर चालत नव्हती, एवढं नक्की.

वैशालीने पिशवीतून नॅपकिन काढला आणि स्क्रीनवर टाकला. "बघू नका," ती म्हणाली. "समोर बघा."

पुढचा घाट आम्ही तसाच चढलो, नॅपकिन टाकून. पचमढीची कमान ओलांडून आत्यांच्या गल्लीत गाडी लावली तेव्हा चार वाजायला आले होते. वैशाली चपला गाडीतच टाकून आत पळाली. मी नॅपकिन उचलला. बारा.

आत्यांनी डोळे उघडले. "वैशू, किती उशीर," म्हणाल्या, आणि मग, "जेवलीस का?" तासभर बोलल्या. थोडं इकडचं, थोडं तिकडचं. हिच्या आईचं नाव घेऊन काहीतरी सांगितलं, ते मला वैशालीने अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पाच-सव्वापाचला शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.

तिथे तीन दिवस राहिलो. त्या गडबडीत गाडी कुणाला आठवणार? शेवटच्या संध्याकाळी आत्यांच्या घरातल्या जुन्या सॉकेटवर लावली. वीज येत-जात होती. सकाळी तीस टक्के झाले. या वेळी मी कागद-पेन घेऊन तीनदा हिशेब केला, चिन्हं बोट ठेवून तपासली. आता खरोखरचा उतार होता. मटकुलीला तेहतीस असायला हवेत. पिपरियाच्या शेडपर्यंत आरामात.

पहिल्या वळणालाच पट्टी निळी झाली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. निळी. ब्रेकवर ठेवला. निळीच! गाडी उतारावरून खाली जात होती आणि चढ चढावा तशी वीज पीत होती. एकोणतीस, सत्तावीस, बावीस. वैशाली खिडकीबाहेर बघत होती. मी सांगितलं तर नुसती "हं" म्हणाली. मटकुलीला नऊ उरले. तिसातून एकवीस गेले होते... घाट चढायला जे लागायला हवे होते, तेवढेच. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.

नऊ टक्क्यांत पिपरिया गाठायची म्हणजे पायी गेल्यासारखंच. गाठलीही. त्या शेडपासून हाकेच्या अंतरावर गाडीने मान टाकली. वैशाली स्टिअरिंगवर, मी मागून ढकलतोय, आणि उसाच्या रसाच्या गाड्यावरची चार माणसं मदतीला. त्यातला एक दम खात म्हणाला, "अंकल, ऊपर से तो साइकिल भी अपने आप आ जाती है."

भोपाळला आल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलीने लॅपटॉप लावून सगळी नोंद काढली. नोंद वर-खाली करून दोनदा बघितली. मग म्हणाली, "सर, हाइट तो बराबर चढ़ी है. मगर बैटरी... ये तो उल्टी चली है. जाते वक़्त भी, आते वक़्त भी." सेन्सर बिघडला असेल, मी म्हणालो. ती म्हणाली, "सेन्सर खराब होता तो सर आप घाट में खड़े होते." हे मला सुचलं नव्हतं. नऊ टक्क्यांत गाडी वर आली हे सेन्सरचं काम नव्हतं. तिने कंपनीला मेल टाकला. उत्तर आलेलं नाही. त्यानंतर मी दोनदा भदभद्याच्या चढावर आणि एकदा सलकनपूरच्या टेकडीवर गाडी मुद्दाम नेऊन पाहिली. चढावर बॅटरी कमी होते, उतारावर वाढते. सरळ, शहाण्या गाडीसारखी.

विजेचा हिशेब मला येतो. ते पंधरा टक्के, म्हणजे एकवीस जायच्या ऐवजी तीन आले ते, कुठून आले, हे मी सांगू शकत नाही. परत कुणी घेतले तेही नाही. आत्या तोवर गेलेल्या होत्या, एवढंच मला दिसतं, आणि त्यापुढे मी विचार करायला घाबरतो. बरं, पंधरा नाहीत, चोवीस. बघा, अजून चुकतो आहे.

तेराव्याला घरी सगळे जमले होते. मी ही हकीकत सांगितली. कुणी देवाची कृपा म्हणालं, कुणी आत्यांची ओढ म्हणालं. दुबेजींनी वाटी खाली ठेवून माझ्याकडे फार वेळ बघितलं. सगळे गंभीर झालेले पाहून मला जरा चेव आला. म्हणालो, "काही का असेना, वेळेत पोचवलं की नाही मी?"

वैशाली ताटं उचलत होती. थांबली नाही, वळली नाही. म्हणाली, "पोचवलं गाडीने. तुमच्या भरवशावर राहिले असते, तर आत्या मला फोटोतच भेटली असती."