फर्म्यात न बसलेली तीन पानं

पुस्तक खपलं की लेखकाकडे पैसे साचत असतील, मला अनुभव नाही. पुस्तक खपलं नाही की किस्से मात्र साचतात, आणि त्यांना गठ्ठ्यांसारखी जागा लागत नाही.

मी नागपुरात एका ऑफिसात कारकून होतो. सत्तरच्या दशकात मी एक कादंबरी लिहिली. प्रकाशकांनी ती साभार परत केली, म्हणून मी ती स्वतःच छापायची ठरवली. माझा मित्र प्रभाकर विमा एजंट. तो म्हणाला, "लिहिणं तुझं, प्लॅनिंग माझं." मी हो म्हणालो आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

पुस्तकं घरी आली, ती थेट पलंगाखाली गेली. बायकोनं, म्हणजे कुसुमनं, एकच अट घातली. "दिवाळीच्या आत एक तरी माणूस दारात येऊन, पैसे देऊन पुस्तक नेऊ द्या. नाही तं रद्दीवाल्याले बोलावते."

एक माणूस. मला वाटलं, नागपुरात एक माणूस मिळणार नाही होय!

*

माझ्या नायिकेचं नाव होतं कमळा. तेव्हा शिशाचा एकेक खिळा जुळवून छपाई व्हायची. प्रेसवाले डोमाजी पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "साहेब, ळ संपले."

"संपले म्हणजे?"

"खिळेच कमी हायेत. तुमची कमळा दर ओळीत येते. नलिनी ठेवा ना. न बहुत आहेत आपल्याजवळ."

"आणि डोळे? सगळीकडे डोळे आहेत हो!"

"डोयेच छापू. तसंही आपल्या इकडे ळ बोलते कोन?"

मी दोन दिवस भांडलो. शेवटी तडजोड झाली. कमळाची नलिनी झाली, पण 'डोये' मी छापू दिले नाहीत. माझ्या कादंबरीत आजही एकाही माणसाला डोळे नाहीत. न्हाव्यापासून सासूपर्यंत सगळ्यांना नेत्र आहेत.

*

छपाई संपत आली आणि डोमाजींनी पुन्हा बोलावलं. एका फर्म्यात सोळा पानं छापली जातात आणि माझी कादंबरी तीन पानं जास्त भरत होती.

"तीन पानांसाठी अख्खा फर्मा वाया जाईल," डोमाजी म्हणाले. "तीन कापा, नाही तं तेरा वाढवा."

मी म्हणालो, "डोमाजी, ही कादंबरी आहे, कापड नाही."

प्रभाकर तिथेच बसला होता. तो म्हणाला, "बिझनेसमध्ये इमोशन आणू नको गा." आणि त्यानं डोमाजींच्या हातातून कागद घेतले. कुठली तीन पानं कापायची याचा त्यानं फारसा विचार केला नाही. सगळ्यात वर जी होती ती काढली. गठ्ठा उलटा होता.

गेला माझा शेवट. सबंध उन्हाळा मी त्या तीन पानांवर घालवला होता.

*

मी कादंबरीचं नाव ठेवलं होतं 'परतीची वाट'. प्रभाकरला ते पटेना. "नाव असं पाहिजे की माणसाले कामाचं वाटलं पाहिजे." त्यानं केलं 'संसाराचा भागाकार'.

सीताबर्डीवरच्या एका दुकानानं पाच प्रती ठेवून घेतल्या, त्या गाइडांच्या फळीवर. त्यातली एक खरंच विकली गेली. मी पेढे आणायला निघालो होतो, तेवढ्यात दुकानातून निरोप आला. एक बाप तणतणत प्रत परत करून गेला होता. पोरगा मॅट्रिकला होता आणि पुस्तकात एकही उदाहरण सोडवून दिलेलं नव्हतं.

*

खर्च निघावा म्हणून प्रभाकरनं शेवटच्या पानासमोर, कव्हरच्या आतल्या बाजूला, दंतमंजनाची जाहिरात घेतली. त्यामुळे माझी कादंबरी डावीकडे अशी संपते: 'नलिनीचे नेत्र भरून आले. बस सुटली.' आणि उजवीकडे लिहिलंय, 'आता खुशाल हसा!'

प्रभाकर म्हणाला, "वाचक खुश होऊन उठला पाहिजे."

*

ऑफिसात तर पुस्तक म्हणजे लग्नातली फुकटची पानसुपारीच. प्रत्येकाला 'सप्रेम भेट' लिहून हवी. आमचे हेडक्लार्क दोन प्रती घेऊन, एक घरी आणि एक वाचनालयाला भेट द्यायला, वर मला म्हणाले, "मी विकतच घेणार होतो. पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

*

दिवाळी आली. कुसुमनं झाडू हातात घेतला आणि रद्दीवाल्याला हाक मारायला ती दाराशी गेली. दारात एक बाई उभ्या होत्या. धंतोलीतल्या एका दवाखान्यात सिस्टर होत्या.

"'संसाराचा भागाकार' इथंच भेटते काय? पुस्तकात पत्ता हाच हाय. विकत पाहिजे."

कुसुमच्या हातातला झाडू तसाच राहिला. मी पलंगाखाली शिरून प्रत काढली, धूळ पुसली. बाईंनी थेट शेवट उघडला.

"हे बी फाडलेलं हाय."

"काय फाडलंय?"

"मागचे पानं. वाचनालयातून वाचाले नेलं होतं, तर वाचनालयवाले म्हणतेत मीच फाडले, नवं आणून द्या म्हणतेत. दुसरं दाखवा."

दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. सगळ्यांत बस सुटत होती आणि समोर दंतमंजन.

"सगळेच फाडले की! घरी लहान लेकरू हाय काय?"

"नाही," कुसुम माझ्याकडे बघत म्हणाली.

"अहो बाई, पुस्तक तिथंच संपतं," मी म्हणालो.

"बस सुटली अन् लगेच दात घासाचे? असं कुठी संपते काय? मले सांगा, उतरली कुठी ते?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला नलिनीबद्दल विचारत होतं. मी कपाटातून हातानं लिहिलेली ती तीन पानं आणली. नलिनी वर्ध्याला उतरते, परत येते, सासूच्या पाया पडते, सगळ्यांचे डोळे पाणावतात. हो, इथे डोळेच होते, आणि नलिनीही अजून कमळाच होती.

बाईंनी दारात उभ्या उभ्या तिन्ही पानं वाचली. नीट घडी करून माझ्या हातात दिली. मग पर्स उघडून पैसे कुसुमच्या हातावर ठेवले आणि वरची प्रत उचलली.

"हेच नेते. वाचनालयात देते असंच."

फाटकापर्यंत गेल्या, कडी लावली आणि म्हणाल्या, "भाऊ, ज्यानं कोनं फाडले ना, त्याले अक्कल होती."