मागच्या सीटजवळचा पंखा

आई गेल्यावर बाबा रडले नाहीत. भेटायला आलेल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि बाबाच उठून त्यांना पाणी द्यायचे. मामा मला म्हणाला, "तुझे बाबा खंबीर आहेत हो." मला मात्र त्या खंबीरपणाचा धसकाच बसला होता. आतल्या आत साठवणारी माणसं एक दिवस धाडकन कोसळतात, हे मी पाहिलंय. तेराव्यानंतर त्यांनी आईच्या साड्या, चादरी, चपला सगळं स्वतःच्या हातांनी वाटून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. बरेच दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

राहिली ती गाडीतली गोधडी. विचुंब्याहून पनवेलला डायलिसिसला नेताना एसीमुळे आईला गार लागायचं, म्हणून तिनेच ती मागच्या सीटवर अंथरली होती. शिवाय नवी सीट मळता कामा नये. आमच्याकडे सोफ्यावर चादर, रिमोटला प्लास्टिक, मग गाडी कशी सुटेल? गोधडी गाडीची झाली होती, म्हणून वाटपातून वाचली.

आई गेल्यापासून बाबा मागे बसायला लागले, त्याच गोधडीवर. एरवी शेजारी बसून सारखं 'ब्रेक, ब्रेक' करणारा हा माणूस! "मी काय तुमची ड्रायव्हर आहे?" मी वैतागायचे. "मागे पाय पसरता येतात," एवढंच उत्तर. आमची गाडी हायब्रिड. तिची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि ती गार ठेवायला तिथेच एक पंखा असतो. तो हल्ली फार घोंघावायचा. मागचं बोलणं पुढे ऐकू येईना. तसं बोलण्यासारखं आमच्यात उरलं तरी काय होतं.

मग एकदा शिरढोणहून परतताना स्टिअरिंगसमोरच्या पडद्यावर इशारा उमटला, की बॅटरीला हवा देणारा फिल्टर साफ करा. रविवारी सकाळी मी गाडीचं पुस्तक घेऊन पार्किंगमध्ये उतरले. बाबाही आले. हवा आत ओढणारी जाळी सीटच्या कडेला होती, गोधडीने पुरती झाकलेली.

"राहू दे ना," बाबा म्हणाले. "चाललीय ना गाडी?"

"बॅटरी बसेल, बाबा."

"बसेल तेव्हा बघू."

नळ गळला तरी पाना घेऊन धावणारे बाबा असं म्हणतात? मला रागच आला. गाडी बंद ठेवून मी जाळीचं झाकण काढलं. फिल्टर कापसाने आणि धाग्यांनी गच्च भरला होता. त्यात आईचे पांढरे केस होते. शेवटी शेवटी फार गळायचे तिचे. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले. घरातून तिचं सगळं गेलं होतं आणि ती इथे एवढीशी अडकून राहिली होती. बाबांनी केस वेचून रुमालात बांधले. फिल्टर झटकला, जुन्या टूथब्रशने घासला आणि परत बसवला. डोळे कोरडेच. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली.

जाळी मोकळी राहावी म्हणून त्यांनी गोधडीची घडी केली, ती मांडीवर घेऊन मागे बसले आणि म्हणाले, "चल, एक चक्कर मारून बघू."

सोसायटीच्या गेटबाहेर पडलो. पंखा चालू आहे की नाही तेही कळत नव्हतं. इंजिनही अजून लागलं नव्हतं, नुसत्या बॅटरीवर गाडी चालली होती. आणि मागून एक दाबलेला हुंदका आला. थोड्या वेळाने आणखी एक. बाबा रडत होते. रोजच्या जागी बसून, रोजच्यासारखे, पुढे काही ऐकू जात नाही अशा भरवशावर.

मग एकदम सगळं थांबलं. श्वाससुद्धा रोखल्यासारखा. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

मी आरशात पाहिलं नाही. एसी सगळ्यात मोठ्या आवाजावर केला आणि घराकडे न वळता गाडी लांबच्या रस्त्याला घातली.