न बघता दिलेलं 'नाही'

"फाईल नाही."

कारकून खुर्चीतून उठलासुद्धा नव्हता. त्याच्या पाठीमागे दप्तराच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत लोखंडी मांडण्या, त्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. त्याने मान वळवून तिकडे पाहिलंही नाही. आईने हात लांब करून दिलेली पोचपावती त्याने दोन बोटांत धरली आणि टेबलाच्या कडेला टाकली.

आम्ही उंबऱ्याबाहेर होतो. तसं त्यानेच सांगितलं होतं. "बाई, तिथंच थांबा. मासळीचा वास बसतो कागदांना." आईजवळ मासळी नव्हती. टोपली घरी ठेवून, डोक्यावरून अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती अलिबागच्या कचेरीत आली होती. तरी त्याला वास आला.

"सायेब, एकदा बगा तरी," आई म्हणाली. "माजे सासर्‍यानी अर्ज दिलता. नंबर हाय त्याव."

"नंबर असला म्हणजे फाईल असते असं नाही."

बाकावर बसलेले दोघे हसले. मी अकरा वर्षांची होते. शाळेत पहिल्या तिनात यायचे, मला शुद्ध बोलता यायचं, आणि मला आईची लाज वाटली. कारकुनाची नाही, आईची. मी तिचा पदर ओढला. म्हटलं, "चल ना आये. न्हाय बोलतान ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजपर्यंत वागवते आहे. कारकुनाने न बघता नाही म्हटलं होतं, आणि मीही न बघताच त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते.

अर्ज होता आमच्या खळ्याचा. खळं म्हणजे किनाऱ्यालगतची मोकळी जागा. तिथे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालायचे, खाली जाळ्यावर जवळा पसरायचा. आजोबांच्या आधीपासून कोळीवाड्यातल्या बायका तिथेच मासळी सुकवत आल्या. जागेवर नाव मात्र कुणाचंच नाही. ते लागावं म्हणून आजोबांनी अर्ज केला होता. त्याची पोचपावती आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एकवीरेच्या फोटोमागे ठेवली होती. दर वर्षी ती अलिबागला जायची. दर वर्षी उंबऱ्यावरून परत यायची. मी पुन्हा कधी तिच्याबरोबर गेले नाही. अभ्यास आहे म्हणायचे.

अभ्यास केला. नवी मुंबईत नोकरी लागली. प्रोग्राम लिहायचे. डब्यात बोंबलाची चटणी न्यायचं पहिल्याच आठवड्यात बंद केलं, कुणी काही बोलायच्या आत. आई गेली तेव्हा मी कंपनीतच होते. शेवटच्या आजारात ती तापात बडबडायची, असं मावशीने सांगितलं. "बगा तरी, बगा तरी."

मग गेल्या वर्षी आमच्या कंपनीला जुनी दप्तरं स्कॅन करायचं काम मिळालं. आमच्याच जिल्ह्यातल्या कचेऱ्यांची, अलिबागचीही. कागद मशीनखाली घालून त्याची फाईल करायची, फाईल कचेरीच्या सर्व्हरवर ठेवायची. माझं काम सोपं होतं. नोंदवहीतल्या प्रत्येक क्रमांकासमोर त्याची फाईल सर्व्हरवर आहे की नाही, हे तपासणारा प्रोग्राम. तो रस्ट नावाच्या भाषेत लिहायचा होता. त्या भाषेत याला एक तयार आज्ञा आहे. फाईलचा पत्ता द्यायचा, आज्ञा उत्तर देते. आहे, किंवा नाही. मी ती वापरली. चार ओळींत काम झालं. यादी निघाली. ज्यांच्यासमोर 'नाही' आलं ते अर्ज गहाळ धरायचे आणि नोंदवहीतून कायमचे काढून टाकायचे, असं ठरलं होतं. यादीखाली 'तपासणी केली' म्हणून माझी सही.

सही करायच्या आधी सहज खाली चाळत गेले. आमच्या गावाचं नाव दिसलं. पाठ असलेला नंबर दिसला. समोर, नाही.

ते 'नाही' माझ्या प्रोग्रामने म्हटलं होतं. मी लिहिलेल्या प्रोग्रामने.

मी त्या आज्ञेची माहिती उघडून नीट वाचली. हे आधी करायला हवं होतं, पण घाईत कोण वाचतं. तिथे सरळ लिहिलेलं होतं. फाईल नसेल तर ही आज्ञा 'नाही' म्हणते. आणि जिथे फाईल ठेवली आहे त्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगीच नसेल, तरी ती 'नाही'च म्हणते. आत न जाता. न बघता. आमच्या किनाऱ्याकडच्या गावांचे फोल्डर कचेरीने अजून आम्हाला उघडून दिलेच नव्हते. उंबऱ्यावरूनच मी अख्ख्या कोळीवाड्यांना नाही म्हणून मोकळी झाले होते.

त्याच भाषेत दुसरी आज्ञा आहे. ती तीन उत्तरं देते. आहे. नाही. आणि बघता आलं नाही, कारण हे. मी पहिली काढून दुसरी घातली. पुन्हा चालवलं. आमच्या नंबरासमोर आलं, बघता आलं नाही, परवानगी नाही. आमच्याच नाही, ओळीने कितीतरी गावांसमोर तेच.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख. कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "हा तिसरा रकाना काढ. आपल्याला आहे-नाही एवढंच द्यायचंय."

"सर, यात आपण बघितलेलंच नाही."

"मशीन नाही म्हणालं, म्हणजे नाही. नोंद काढायला आपल्याला तेवढं पुरेसं आहे."

"मी सही करणार नाही."

ते हसले. शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "कोळणीशी वाद घालू नये म्हणतात ते उगाच नाही. वास काढत बसते." टेबलावरचे दोघे हसले. अलिबागच्या बाकावरच्या दोघांसारखेच.

एवढी वर्षं मी डबा बदलला, बोली बदलली, आडनाव पुटपुटत सांगितलं. ते सगळं त्या हसण्यात वाया गेलेलं मला दिसलं. या वेळी पदर ओढायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "हो, कोळीण आहे. सही करणार नाही." कागद उचलला आणि बाहेर आले. मला त्या कामावरून काढलं. सही दुसऱ्या कुणाकडून घेतील, त्यात त्यांना काय अवघड.

खळ्याच्या एका बाजूला बंगल्याचं कुंपण कधीच आलंय. दुसऱ्या बाजूला मोजणीचे दगड पडलेत. त्या फोल्डरमध्ये आजोबांचा अर्ज असेल किंवा नसेलही. मला माहीत नाही. आईलाही माहीत नव्हतं, पण ती विचारत राहिली. मी पदर ओढला ते कशाने भरून येणार नाही. ती तापात कुणाला 'बगा' म्हणत होती, हेही मला कधी कळणार नाही. कदाचित मलाच.

सोमवारी मी अलिबागला जाणार आहे. पोचपावती आईच्याच पिशवीत आहे, तिला बोंबलाचा वास येतो, आणि मी ती धुणार नाही. तीन रकान्यांची यादी बरोबर आहे. उंबऱ्याबाहेर थांबणार नाही. आत जाऊन उभी राहीन. समोरचा माणूस उठेल, फोल्डर उघडेल, माझ्यासमोर आत बघेल. मग तो नाही म्हणाला तर मी ते लिहून घेईन. त्याआधी नाही.