डाव्या कुशीवरची मोजणी

झुल्फोने आकडा सांगितला तेव्हा कॉफीच्या दुकानात अकरा माणसं बसली होती.

"चार," तो म्हणाला.

कोपऱ्यातून त्याचा मेव्हणा हायरुदिन हसला.

"चार? दाजी, चार तर तुमचे दात उरलेत."

माणसं खदाखदा हसली. झुल्फोने कपातला गाळ पाहिला आणि कप पालथा घातला.

आकडा घरट्यांचा होता. दर एप्रिलला म्लादित्सा साना नदीत वर चढून येते. उभी धरली तर माणसाच्या कमरेला लागेल एवढा हा मासा. मादी शेपटीने तळाचे गोटे उकरते, अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. तेवढी जागा घासल्यासारखी फिकट दिसते. तेच घरटं. नदीच्या वरच्या टप्प्यात सहाहून कमी घरटी निघाली तर तो टप्पा मासेमारीला वर्षभर बंद ठेवायचा, असा गळवाल्यांच्या मंडळाचा नियम होता. गेली पाच वर्षं तो बंद होता. पाचही वर्षं मोजणी झुल्फोची होती. नदीचा राखणदार तो होता.

"नऊ आहेत," हायरुदिन म्हणाला. "मी काठावरून पाहिली. उभ्याने, चकाकी तोडणारा चष्मा लावून."

"तुला नऊच का दिसली? नव्वद दिसायला काय हरकत होती? तुझ्या दुकानात गिऱ्हाइकं आणखी आली असती."

"गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात. माझा एल्विर तिकडे ऑस्ट्रियात, लिंझमध्ये ट्रक धुतोय. ह्या नदीवर परदेशी माणसाला बोट धरून माशापर्यंत नेणारा पोरगा. तुमच्या चारच्या आकड्यापायी गेला तो, दाजी. कधी तीनच्या आकड्यापायी. तुम्हाला दिसत नाही, आणि बंद आम्ही होतो."

"मला दिसतं."

"काय दिसतं? परवा माझ्या बहिणीच्या ताटात मीठ समजून साखर टाकलीत."

पुन्हा हसणं. झुल्फो उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष बेचिर मास्तर मध्ये पडले. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि आवाज न चढवता माणसाला खाली बसवायची त्यांना सवय होती.

"शनिवारी पुन्हा मोजू," ते म्हणाले. "दोघं मोजतील. दोघंही चष्मा लावून. आणि झुल्फो, सहा किंवा त्याहून जास्त निघाली तर राखणदारीचा बिल्ला टेबलावर."

"ठेवीन. आणि कमी निघाली तर ह्याने तोंड उघडायचं नाही. मरेपर्यंत."

"ते त्याच्या आईलाही जमलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

बिल्ला पितळेचा होता. झुल्फोला तो युद्ध संपलं त्या वर्षी मिळाला. त्याआधी तो लाकडाच्या वखारीत होता. युद्धात सैनिकांनी नदीत हातबॉम्ब टाकून मासे काढले होते. कुठल्या बाजूच्या, हे तो कधी सांगत नसे. सगळ्याच बाजूंच्या, म्हणायचा. पहिल्या वर्षीची त्याची मोजणी शून्य होती. दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी शून्य. चौथ्या वर्षी एक. त्या दिवशी तो घरी आला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही. बायको हास्नियाला वाटलं, कुणीतरी गेलं.

मोजायची रीत त्याच्या वडिलांची होती. ते पाण्यावरच्या पिठाच्या गिरणीचे मालक. गिरणीच्या भिंतीतून एक लांब फळी नदीवर निघाली होती. तिच्यावर डाव्या कुशीवर निजायचं, गाल लाकडाला लावायचा आणि तसंच आडवं राहून पाणी पाहायचं. उभं राहिलं तर सावली पडते आणि मादी घरट्यावरून उठते, असं वडील सांगत. मंडळातला प्रत्येक जण तसाच मोजायला शिकला होता. हायरुदिनसुद्धा, लहानपणी. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने घरटी मोजता येतात, हे हायरुदिन सोडला तर कुणाच्या मनातही येत नसे.

दोन वर्षांपूर्वी बिहाच शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी झुल्फोला मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं होतं. त्याने ते घरीही सांगितलं नव्हतं.

सोमवारी त्याने पेट्रोल पंपावरून एक काळा चष्मा आणला आणि फळीवर निजून पाहिलं. नदी होती तशीच चकाकत होती, फक्त काळी झाली होती.

"भावाकडे जा," हास्निया म्हणाली. "त्याच्याकडे खरे मिळतात."

"तुझा भाऊ. माझा नाही."

"मग पंपवाल्याला भाऊ कर. मला काय!"

बुधवारी तो गेला. हायरुदिनचं दुकान पुलाच्या तोंडाशी होतं. गळ, दोरे, गळाला लावायच्या पिसांच्या माश्या, रबरी बूट, आणि भिंतीवर रांगेने चष्मे.

"या दाजी. वाट चुकलात की भिंत दिसली नाही?"

"तोंड बंद ठेव आणि चष्मा दाखव."

झुल्फोने सगळ्यांत काळा उचलला. हायरुदिनने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"हा राखाडी. समुद्रावरच्या लोकांचा. खोल पाणी, भर ऊन. आपली साना गुडघाभर, वर झाडांची सावली. राखाडीतून गोटा आणि मासा एकाच रंगाचे दिसतील. हा पिवळा संध्याकाळसाठी, ढग असले तर. तुम्हाला हा तांबूस लागेल. ह्यातून तळाचा रंग उठून येतो."

"तू सांगतोस म्हणून तोच घ्यायचा?"

"नका घेऊ. आंधळे मरा."

"आणि हा खरा कशावरून? पंपावरचाही पोलराइज्ड म्हणूनच दिला त्याने."

हायरुदिनने झुल्फोच्या खिशातून डोकावणारा पंपावरचा चष्मा ओढून काढला. त्याची काच भिंतीवरच्या एका चष्म्याच्या काचेपुढे धरली आणि फिरवली. काही झालं नाही. मग तांबूस चष्मा तसाच धरला आणि फिरवला. दोन काचांमधला उजेड हळूहळू विझला. शेवटी तिथे नुसता काळा ठिपका राहिला.

"दिसलं? तुमचा नुसता रंगवलेला आहे. पाण्यावरून उसळून डोळ्यांत येतो तो उजेड आडवा असतो. ही काच आडव्याला अडवते. बाकीचा आत सोडते. मग पाण्याची चकाकी जाते आणि तळ दिसतो. जादू नाही ही."

झुल्फोने चष्मा लावून दाराबाहेर पुलाखाली पाहिलं.

"दाजी, चुकीचा चष्मा देऊन मी तुम्हाला हरवणार नाही," हायरुदिन मागून म्हणाला. "तुम्ही नीट पाहावं आणि मग हरावं. मला तेच हवंय."

झुल्फोने पैसे त्याच्या हातात दिले नाहीत. काउंटरवर टाकले.

शनिवारी अकराला ते तिघं गिरणीपाशी जमले. ऊन स्वच्छ होतं. बेचिर मास्तर वही घेऊन काठावरच्या दगडावर बसले. तिथून त्यांना फळी दिसत होती, तळ दिसत नव्हता. गिरणीच्या पाटाचा आवाज एवढा होता की ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे.

झुल्फो टोपी सावरून फळीवर गेला. डाव्या कुशीवर निजला. गाल लाकडाला लावला. चष्मा लावला.

नदी पांढरी झाली.

त्याने डोळे मिटले, उघडले. उन्हात तापलेला पत्रा असावा तसं पाणी झगमगत होतं. तळ नाही, गोटे नाहीत, काहीच नाही. चष्मा काढला तेव्हा निदान धूसर गोटे दिसले. पुन्हा लावला. पुन्हा पत्रा.

"चोरा!" तो तसाच पडून ओरडला. "काय दिलंस हे? आंधळ्याला आणखी आंधळं करतोस?"

"काय झालं?"

"ये आणि बघ! तुझा माल तूच बघ!"

हायरुदिन तरातरा फळीवर आला. फळी करकरली. त्याने झुल्फोच्या नाकावरून चष्मा उपटला, स्वतः लावला आणि झुल्फोला मागे सरकवून, पोट सांभाळत, डाव्या कुशीवर निजला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. त्याने पाण्याकडे पाहिलं. मग डोकं उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा उचललं.

तो गप्प राहिला असता तर झुल्फो चष्म्याला आणि स्वतःच्या डोळ्यांना शिव्या देत घरी गेला असता. हे दोघांनाही नंतर कळलं.

"बसा," हायरुदिन म्हणाला. "उठून बसा, दाजी. डोकं सरळ ठेवा."

"का?"

"काच आडव्या उजेडाला अडवते म्हणालो ना? तुम्ही कुशीवर झालात की काचही फिरते. मग चकाकी तेवढी आत येते आणि बाकीचं बाहेर राहतं. बसा."

"बसलं की सावली पडते. माझे वडील—"

"तुमच्या वडिलांकडे चष्मा नव्हता!" हायरुदिन ओरडला. "आणि हे तुमच्या भल्यासाठी सांगत नाही मी. उद्या गावभर सांगत फिराल, हायरुदिनचा माल खोटा. दुकान आहे माझं."

झुल्फो उठून बसला. आधी त्याने सावली शोधली. ती मागे, गिरणीच्या भिंतीवर पडली होती. पाण्यात नव्हती. एवढ्या वर्षांत त्याने बसून पाहिलंच नव्हतं.

मग त्याने हायरुदिनकडून चष्मा घेऊन लावला.

वरचं पाणी कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. खाली तळ होता. गोट्यांवरचं शेवाळ, बुडालेली फांदी, तिच्यावर चिकटलेले किडे. त्याची चार घरटी ओळखीची होती. पाचवं वाळुंजाच्या झाडाच्या मुळाशी होतं. त्याच्यावर मादी उभी होती, शेपटी लाल, जागच्या जागी हलत. तिच्या मागे सहावं. सातवं धारेच्या पलीकडे.

"मोजा," हायरुदिन शेजारी म्हणाला. "आठ आणि नऊ तिकडे उतारापाशी."

झुल्फो तिकडे बराच वेळ पाहत राहिला.

"ती घरटी नाहीत."

"फिकट आहेत ना?"

"फिकट आहेत. पण खालच्या अंगाला गोट्यांचा ढीग नाही. मादी ढीग करते. हे पायांनी घासलंय. ती बघ, टाच. ती दुसरी. रबरी बूट. बंद टप्प्यात, एप्रिलमध्ये." त्याने मान वळवली. "कुणाची गिऱ्हाइकं रे ही?"

हायरुदिन म्हणाला, "दोनच वेळा. दोघंच जण होते. ऑस्ट्रियाचे."

"वा."

"घर चालवायचं असतं, दाजी."

"वा, वा."

काठावरून मास्तरांनी हात हलवला. "किती?" त्यांचा आवाज पाटाच्या आवाजात तुटक आला.

हायरुदिन झुल्फोच्या कानाशी वाकला. "चार सांगा. मी भांडणार नाही. माझेच डोळे चुकले म्हणेन. बिल्ला तुमच्याकडे राहील. बुटांचं विसरा, मी आकड्याचं विसरतो. हे कळलं तर मंडळ माझा वाटाड्याचा परवाना काढून घेईल."

"म्हणजे अजून एक वर्ष बंद."

"राहू दे बंद. पाच काढली, सहावं काढीन."

झुल्फोने बिल्ल्याला हात लावला. तो शर्टाच्या खिशावर होता. त्याने पाण्याकडे पाहिलं. मादी अजून तिथेच होती.

"सात!" तो काठाकडे ओरडला. "मास्तर, लिहा! सात! आणि दोन बुटांची! माझ्या मेव्हण्याच्या गिऱ्हाइकांच्या बुटांची!"

मास्तरांनी वहीतून मान वर केली. पेन हातात तसंच राहिलं.

"हरामखोर," हायरुदिन म्हणाला. हळू म्हणाला.

"मी आंधळा होतो," झुल्फो म्हणाला. "तू खोटारडा आहेस. दोन्ही लिहू दे."

ते काठावर आले तेव्हा मास्तर उभे होते. कोणाला आधी बोलावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी झुल्फोपुढे हात केला. बिल्ल्याची पिन गंजून कापडात रुतली होती. झुल्फोला ती निघेना. हायरुदिन पुढे झाला.

"हात लावू नकोस," झुल्फो म्हणाला.

त्याने खिसा फाडला आणि कापडाच्या तुकड्यासकट बिल्ला मास्तरांच्या हातात ठेवला.

"तुझा परवानासुद्धा, हायरुदिन," मास्तर म्हणाले. "सोमवारी घेऊन ये."

हायरुदिनने ऐकलं की नाही कळलं नाही. तो झुल्फोकडे पाहत होता.

"एल्विर गेला त्या वर्षी किती होती?"

"तीन लिहिली होती मी."

"लिहिली किती ते नाही विचारलं. होती किती?"

"माहीत नाही," झुल्फो म्हणाला.

"त्याच्या पुढच्या वर्षी?"

"माहीत नाही."

"एका तरी वर्षाचं सांग रे!" त्याचं अहोजाहो सुटलं होतं. "पाच वर्षं गेलीत माझ्या पोराची. एका वर्षाचं!"

"माहीत नाही, हायरुदिन. मी कुशीवर होतो. मला चार दिसायची."

हायरुदिनने हात उगारला. तो हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो पँटला पुसला.

"माझ्या बहिणीला सांग," तो म्हणाला, "ह्या बायरामच्या सणाला मी जेवायला येणार नाही."

"मी बोलावणारच नव्हतो."

"आणि एल्विरला तूच फोन कर. तूच सांग त्याला, सात होती म्हणून."

तो पुलाच्या दिशेने निघून गेला. मास्तर वही मिटून थोडं थांबले आणि तेही गेले. झुल्फोने खिशातून फोन काढला. एल्विरचा नंबर त्यात होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, कारण तांबूस काचेतून आकडे नीट दिसत नव्हते. तो काढल्यावरही दिसत नव्हते. त्याने अंदाजाने बटण दाबलं आणि फोन कानाला लावून उभा राहिला.

तिकडे दोनदा घंटी वाजली.

"हॅलो? आतोबा?" एल्विर म्हणाला. मागे पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज होता. "कामावर आहे. लवकर बोला, काय झालं?"