अण्णाचं टोकन

देशात कुणीही, कुठंही, मोबाइलवरून चहाचे पैसे दिले की ते आधी माझ्या टेबलावर येतात आणि मी मान हलवली तरच पुढं सरकतात, हे मी निम्म्या सोलापूरला पटवून दिलं होतं. नव्या पेठेतला पानवाला मला बघून खिसा चाचपायचा. गल्लीतल्या एका काकूंनी नवऱ्याला न सांगता पैंजण घेतले आणि मी समोर दिसलो की त्या पदर तोंडावर ओढून घ्यायला लागल्या. मी नुसता हसायचो. त्या हसण्यावर घरी शेंगापोळ्यांचे डबे येत राहिले.

खरं काम एवढंच होतं की एका बँकेच्या सगळ्या शाखांचे व्यवहार एका जागी आणायचे आणि त्यांतून घोटाळ्याचा वास कुठं येतो, ते शोधणारी यंत्रणा उभी करायची. बँक कुठली ते सांगत नाही. आज चार शाखा, उद्या सगळा देश येऊन टेकला तरी लग्नाच्या मांडवाला आणखी एक कनात जोडावी तशी ती वाढली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते कुणालाच दिसता कामा नये. सर्व्हर लांब कुठं तरी गारठलेल्या खोलीत बसलेले. आम्ही मात्र होटगी रोडच्या पत्र्याखाली असे भाजून निघायचो की दुपारी लॅपटॉपवर कडक भाकरी ठेवली तर ती आणखी कडक व्हायची.

कुणाला दिसू नये म्हणून आम्ही टोकनं केली होती. माणसाचं नाव, खातं, मोबाइल नंबर सगळं पुसायचं आणि त्या जागी अक्षरांची-आकड्यांची एक खूण ठेवायची. ती खूण म्हणजे टोकन. पैसे कसे फिरले ते कळतं, फिरवणारा कोण ते कळत नाही. कुलूप मीच बनवलं, आणि किल्ली माझ्याकडेसुद्धा राहणार नव्हती. ही शेवटची गोष्ट मी पेठेत कुणाला सांगितली नाही. किल्ली नसलेल्या माणसाला कोण शेंगापोळ्या देतं?

अव्वालाही सांगितली नव्हती. अव्वा म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर घरात आम्ही तिघं होतो. थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, वडिलांचं कापडाचं दुकान चालवायचा. दुकान बंद पडलं. कुणाशी भांडला नाही, कुणाला दोष दिला नाही. शटर ओढलं, चावी देवापुढं ठेवली आणि दर्शनाला म्हणून अक्कलकोटला गेला. तिथून मला फोन केला. "मी बरा हाय. शोधू नका," एवढं बोलला. त्यानंतर तो नंबर लागला नाही. पोलिसांत गेलो तर ते म्हणाले, स्वतःच्या पायानं गेलेला मोठा माणूस आहे, स्वतः फोन करून सांगतोय, आम्ही काय करायचं?

दीड वर्ष झालं त्याला. अव्वाला एकच प्रश्न होता, तो जिवंत आहे का? कुठं आहे, काय करतो, का गेला, ते नंतरचं. आधी तेवढं कळू दे, म्हणायची. आणि गल्लीभर माझी कीर्ती ऐकून एके दिवशी ताटावर तिनं मला, धाकट्याला, विचारलं, "तम्मा, सगळ्या दुनियेचं तुला दिसतंय म्हणतात. मग आपल्या अण्णाचं का न्हाय दिसत?"

अण्णाचं खातं त्याच बँकेत होतं.

"बघतो की," म्हणालो.

आमच्या कामात एक दिवस असा होता की त्या दुपारनंतर कच्चा डेटा, म्हणजे नावानंबरांसकट सगळा, कायमचा बंद होणार होता. मग राहणार ती फक्त टोकनं. तोवर तपासणीसाठी मला आत जायची मुभा होती. शोधायच्या पडद्यावर एक रकाना होता, 'कारण लिहा'. कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं आणि एकदा शोध घेतला की लिहिलेलं कुणाला पुसता येत नव्हतं. तोही माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेला. त्या दिवशी मी अण्णाच्या खात्याचा नंबर टाकला. कारणात लिहिलं, 'भाऊ'.

मागं सुरक्षेचं काम बघणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. पुण्याहून आलेल्या. सोलापूरच्या उन्हाला रोज नवी शिवी द्यायच्या, पण माणूस भला. अण्णाची गोष्ट त्यांना ठाऊक होती. ऑफिसात चहा देणाऱ्यालाही ठाऊक होती, मी कुठली गोष्ट पोटात ठेवतो?

"अहो, खातेदाराची परवानगी लागते," त्या हळू म्हणाल्या.

"मॅडम, तो कुठंय ते कळलं की लगेच घेतो परवानगी."

त्यांना हसू आलं. मलाही आलं. मग दोघांचंही थांबलं.

"मी अडवणार नाही तुम्हाला. नोंद होईल, तिचं काय ते पुढं बघू. पण मला एक सांगा, शेवटचं ते काय म्हणाले होते?"

"शोधू नका."

मॅडम पाण्याची बाटली उचलून खिडकीशी गेल्या. पाठ करून उभ्या राहिल्या, मला एकटं सोडायला. एक बटण होतं, बास. दाबलं असतं तर शेवटचा व्यवहार दिसला असता. परवाचा दिसला असता तर अव्वाला सांगितलं असतं, दिवाळी कर. आणि दीड वर्षापूर्वीचाच दिसला असता तर? घरी जाऊन मी कुठल्या तोंडानं काय सांगणार होतो? अण्णाच्या शब्दाला मान दिला, की त्या दुसऱ्या उत्तराला घाबरलो, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी नंबर खोडला. चहानंतर कच्च्या डेटाचं दार बंद झालं आणि माझा भाऊ लाखो खुणांमधली एक खूण झाला. कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

घरी आलो तर अव्वा उंबऱ्यात.

"दिसला का रे?"

आयुष्यभर मी थापा मारल्या त्या लोकांनी हसावं म्हणून. ही पहिली अशी की तोंडातून निघताना जीभ जड झाली. "दिसला," म्हणालो.

"कुटं?"

"गदगला." कर्नाटकातलं गदगच का? देवाला माहीत. तोंडात आलं.

"काय घेतलं त्यानं?"

"पेट्रोल भरलं. काल."

"गाडी घेतली म्हण की!" अव्वा मटकन खाली बसली, रडली आणि हसली. शेजारणींना हाका मारल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत अण्णाची गदगात दोन मजली माडी उभी राहिली होती. मी एक वीट रचली, बाकीचं काम तिनं केलं. आणि ताट उचलता उचलता म्हणाली, "उद्या जायचं."

नको म्हणायला कारण काय देणार? गेलो. गाडीत तिनं समोरच्या बाईला सांगितलं की मोठ्याकडं चाललोय, त्याचं गदगात लई बरं चाललंय. मी खिडकीबाहेर ज्वारी बघत बसलो.

गदगच्या बाजारात ती थेट कापडाच्या दुकानांकडं वळली. "त्याला दुसरं काय येतंय?" म्हणाली. एकेका दुकानाच्या पायऱ्या चढायची आणि कानडीत विचारायची, माझा मुलगा बघितला का, ताडासारखा उंच, केवड्यासारखा गोरा, राजाच जणू! वाढवून सांगायची खोड मला कुठून आली ते तिथं कळलं. मोबाइलवर फोटो होता, पण अण्णा फोटोला कधी उभाच राहायचा नाही. होता तो कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. दुकानदार म्हणायचे, "अव्वा, फेट्यात सगळेच नवरदेव."

ऊन चढलं. तिचा पाय दुखायला लागला तरी थांबेना. एका बंद दुकानाच्या पायरीवर तिला बसवलं, पाणी दिलं आणि बोललो.

"अव्वा, मला काहीच दिसलं न्हाय. मी बघितलंच न्हाय. गदग मी मनानं सांगितलं."

"पेट्रोल?"

"तेबी."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. फिरवत राहिली, लागलं होतं तरी. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग जिवंत हाय का न्हाय ते..."

"माहीत न्हाय."

ती पायरीला हात टेकून उठली. मला वाटलं स्टेशनकडं निघाली. ती पुढच्या दुकानात शिरली.

मी मागं धावलो. आत ती दुकानदाराला सांगत होती, या वेळी हळू आवाजात, "उंची बेताची. रंग सावळा. पुढचे केस गेलेत. बोलायला कमी हाय. डावा पाय जरा ओढून टाकतो."

म्हातारा दुकानदार विचारात पडला, मग त्यानं नकारार्थी मान हलवली. अशी माणसं तर रोज दिसतात म्हणाला. बसा, तिला म्हणाला. ती बसली नाही. काउंटरवरच्या शर्टांवर हात फिरवायला लागली. एक निळ्या बारीक रेघांचा शर्ट तिनं ओढून काढला.

"साईज काय देऊ, अव्वा?"

"चाळीस," ती म्हणाली. दुकानदार घडी घालायला लागला तसा तिनं त्याचा हात धरला. "नको. अडतीस द्या. बाहेरचं खाऊन वाळला असंल."