खिडकीबाहेरची क्रूसवाली

जर्मनीत, कार्ल्सरूहेला इतकी वर्षं काढली, पण इथल्या कोळ्यांशी माझं काही जमलं नाही. केलरमध्ये, म्हणजे आमच्या तळघरात, ते काटकुळे लांब पायांचे. जरा धक्का लागला की जाळ्यासकट थरथरतात. थंडीची चाहूल लागली की बाथटबमध्ये एखादा तपकिरी, केसाळ, चांगला वाटीच्या तोंडाएवढा. त्याच्यावर ग्लास पालथा घालून, खालून पोस्टकार्ड सरकवून हे त्याला बागेत सोडून यायचे. मी आपली दारात उभी.

त्या वर्षी ह्यांना दवाखान्यातून घरी पाठवलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पलंग हॉलच्या खिडकीशी लावला, आणि नेमकं त्याच खिडकीबाहेर एका कोळिणीनं जाळं विणलेलं. पोटानं टपोरी, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस. तशा बागेत, कुंपणावर ढिगानं दिसतात हो, पण आजारी माणसाच्या उशाशी क्रूस? माझ्या डोळ्यांपुढे थडगंच आलं. त्यात दिवाळी तोंडावर. जळमटं न काढता लक्ष्मीपूजन मी कधी केलेलं नाही. झाडू घेऊन खिडकी उघडली.

"अगं, राहू दे तिला," हे म्हणाले. "पाठीवर क्रूस आहे तिच्या. तुझी दिवाळी तिला कुठली ठाऊक?"

मी म्हटलं, मला भीती वाटते.

"मला नाही वाटत. दिवसभर दुसरं कोण काम करताना दिसतं मला?"

जन्मभर यंत्रांची ड्रॉइंगं काढलेला माणूस. ती जुनं जाळं खाऊन नवं कसं विणते, आधी आरे, मग फेरे, हे मला समजावून सांगायचे. धाप लागायची, तरी सांगायचे. मग मी सगळं घर झाडलं, ती खिडकी सोडून. पूजेच्या संध्याकाळी काचेच्या आत पणती ठेवली, तर बाहेरचा धागा न् धागा उजळला. हे बघत राहिले. मीही बघितलं.

खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी सूप घेऊन यायच्या. त्यांनीच सांगितलं, ही कडक थंडीत मरते, अंडी मागे ठेवते, ती वसंतात फुटतात. ह्यांच्यासमोर कशाला बोलल्या, असं मला झालं. हे नुसतं "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाले.

नोव्हेंबरात एका सकाळी जाळं फाटून लोंबत होतं.

"गेली?" ह्यांनी विचारलं.

"हो. पण चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पिवळट कापसासारखी पुडी आहे."

"मग तिथे झाडू लावू नकोस. मी असलो, नसलो तरी."

नाताळाच्या आधी हे गेले. सुतक फिटल्यावर घर धुऊन काढलं, तेवढा कोपरा सोडून.

मे महिन्यात खिडकी पुसायला गेले, तर कोपऱ्यात मोहरीएवढ्या पिवळ्या पिल्लांचा घोळका. माझा श्वास लागला तशी पांगली, थोड्या वेळानं परत एकत्र आली. फडकं तसंच हातात राहिलं, आणि पलंग होता त्या बाजूला वळून मी सवयीनं हाक मारली, "अहो."