कांदळाच्या सरळ रांगा

घाटावरच्या काष्टीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तेव्हा छडी न बाळगणारे शिक्षक एकच होते. ते रत्नागिरीकडचे, म्हणून मुले त्यांना ‘खाडीचे गुरुजी’ म्हणत. त्यांच्या टेबलाच्या खणात शेवग्यासारखी एक लांब, वाळकी शेंग असे. ती बाहेर निघाली की नवी मुले मुकाट हात पुढे करत. गुरुजी म्हणत, “हात खाली घे. ही मारायची नाही, रोवायची आहे.”

ती कांदळाची शेंग. कांदळ खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो आणि मुळांच्या जाळ्याने भरतीचा जोर अडवतो. गुरुजींच्या वडिलांनी शेताजवळचे सारे कांदळ जळणासाठी तोडले होते. पुढे भरतीने बांध फोडला, भाताची जमीन खारी झाली. आता धाकटा भाऊ शेत सोडून जायच्या बेतात होता. “वडिलांनी तोडलं, ते मी लावायचं,” हे गुरुजींचे पालुपद. दर सुट्टीत ते एकटेच जाऊन लावत आणि गाव हसे.

दुष्काळाच्या वर्षी मे महिन्यात त्यांनी सातवीची सहा मुले बरोबर नेली. त्यांत दोन मुली होत्या, म्हणून मीही गेले. भरती पाहून त्यांतली शकू म्हणाली, “आगं बया! येवढं पानी, अन् प्यायला टिपूस न्हाई?”

ओहोटी लागली तसे गुरुजी होडीतून आणखी शेंगा आणायला गेले. तेवढ्यात मुलांनी हौसेने लावणी उरकली. ऊसवाल्यांची मुले ती! उसाची कांडी लावावी तशा शेंगा आडव्या ठेवून त्यांनी वर चिखल ओढला. मीही कौतुकाने पाहत राहिले. भरती आली आणि शेंगा तरंगत निघाल्या.

“दादा, मदतीला घाटावरची माणसं आणलीस होय!” भाऊ बांधावरून ओरडला.

शकूला रडू फुटले. “गुर्जी, आमी समदं वाटोळं केलं.”

“तुमचं काय चुकलं? झाड शिकवलं, भरती शिकवायची मीच विसरलो,” होडीतून परतलेले गुरुजी म्हणाले आणि धोतर खोचून चिखलात उतरले.

पुढच्या ओहोटीला मुलांनी काठाला लागलेल्या शेंगा वेचून आणल्या आणि या वेळी उभ्या रोवल्या. शकूने मात्र सुंभ ताणून रांग धरली. “सरी सरळच पायजे गुर्जी. वाकडी झाली तर आमचा बाप शेतातनं हाकलतो.” गुरुजी पोट धरून हसले. थोड्या वेळाने भाऊही शेंगांची पाटी घेऊन खाली उतरला. जायचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पुढच्या वर्षी गुरुजी नोकरी सोडून गावी परतले. निघताना खणातली शेंग त्यांनी शकूला दिली.

मुलांनो, गुरुजींच्या पश्चात एकदा मी त्या खाडीत गेले होते. बांधाआड भात डोलत होते. होडीवाला कांदळाकडे बोट दाखवून म्हणाला, “एवढा तुकडा बघा, सगळा रांगेत उभा. कोणी लावला कोण जाणे. इथला माणूस असं लावायचा नाही.”

मी ताठ बसले. म्हटले, “काष्टीच्या मुलांनी.”